पाठमोरा नवरा

घ्या, आधी चहा घ्या. पोटात गरम काही गेलं की माणूस दुसऱ्याच्या फजितीला जरा कमी हसतो, असा माझा आपला समज आहे. आणि हे बाहेर कुठे बोलू नका बरं! तसं आमच्या नागपूरच्या नंदनवन वस्तीत आता सांगायला उरलंय कोण म्हणा. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा मला पाहून गालातल्या गालात हसतात.

तर आमच्या घरात माणसं दोन. मी आणि आमचे हे, म्हणजे अरविंद. मुलगी शिकायला पुण्याला. हे खापरखेड्याला नोकरीला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतात, तिथे उतरून खुर्चीत बसतात, संध्याकाळी परत बसमध्ये बसतात आणि घरी येऊन सोफ्यावर बसतात. मीही काही कमी नाही. माझं ऑफिस सीताबर्डीला. फाईल मागवायची तर फोन करायचा, चहा मागवायचा तर हाक मारायची. दुपारचा डबासुद्धा त्याच टेबलावर. माझ्या खुर्चीच्या गादीला माझा असा काही आकार आला होता, की माझ्या रजेच्या दिवशी तिथे दुसरी कोणी बसली तर तिला अवघडल्यासारखं व्हायचं!

मग व्हायचं ते झालं. दोघांचे रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं.

"गोळी आत्ताच देत नाही," त्या म्हणाल्या. "पण दोघंही उठा."

आम्हाला वाटलं, तपासणी झाली. आम्ही उठलो.

"आत्ता नाही हो! आयुष्यात उठा. किती बसता दोघं! चाला जरा."

घरी आलो आणि चालायला कधी सुरुवात करायची यावर सोफ्यावर बसून तासभर चर्चा केली. उद्यापासूनच, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गजर वाजला. मी रजई डोक्यावरून घेतली. आणि हे? हे उठले!

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? अहो, हा माणूस कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडी काढणारा! पाण्याचा ग्लास हाताला लागावा म्हणून सोफा फ्रीजकडे सरकवणारा! तो भर हिवाळ्यात, अंधुक उजेडात, न सांगता उठतो? आणि एक दिवस नाही, रोज?

पहिले काही दिवस मी कौतुक केलं. मग हळूहळू माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

पहिली गोष्ट म्हणजे दाढी. फिरायला जाण्याआधी दाढी! तुम्ही पाहिलाय असा कोणी? माणूस घाम गाळायला जातो, मुलगी पाहायला नाही. दुसरी गोष्ट, अत्तर. आमच्या लग्नात कोणीतरी दिलेली बाटली कपाटातून बाहेर निघाली. तिसरी गोष्ट म्हणजे नाश्ता. सकाळी बशीभर खाऊन वर "अजून आहे काय?" विचारणारा माणूस आता म्हणतो, "ठेव वं, भूक नाही." कोण भरवतं याला?

आणि फोन! संध्याकाळी फोन पाहून हसायचे. मी मान पुढे केली की फोन पालथा.

"काय पाहून राहिले जी?"

"काही नाही. असंच."

असंच म्हणे!

एक दिवस तर नवंकोरं निळं जाकीट घालून आले. पाठीवर पांढरी पट्टी, एकदम झकास.

"हे कोणी दिलं?"

"मिळालं."

मिळालं! जाकिटं काय रस्त्यात पडलेली मिळतात? मी पुढे विचारणार, तेवढ्यात माझी मालिका सुरू झाली. ते काहीतरी सांगत होते खरे, पण तिकडे सुनेच्या दुधात सासू काय कालवते आहे ते पाहू की यांचं ऐकू?

तरी शेवटचा उपाय म्हणून मी एकदा म्हटलं, "उद्या मीही येते तुमच्यासोबत."

त्यांचा चेहरा असा उतरला म्हणता! "तू कशाले त्रास करतेस? झोप तू. थकून येतेस ऑफिसातून."

लग्नाला एवढी वर्षं झाली. मी थकते हे या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. संशय येणार नाही तर काय येईल?

ऑफिसात माझ्या शेजारी मंदाताई बसतात. मूळच्या कुहीच्या. अख्ख्या तालुक्यात कोणाच्या घरात काय शिजतं ते बसल्या जागी सांगतील. मी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी पोळीचा घास तसाच हातात धरला.

"दाढी करून जातात?"

"हो."

"अत्तर लावून?"

"हो ना."

"आणि तुले नेत नाहीत?" मंदाताईंनी घास डब्यात परत ठेवला. "रेखा, माझ्या मावसबहिणीच्या नणंदेचा नवरा बी असाच फिरायले लागला होता. फिरता फिरता थेट दुसऱ्या घरी जाऊन बसला!"

"मग मी काय करू?"

"काय करू काय? जा मागं! डोळ्यानं पाह्य. पण विचारू नको. विचारलं का माणूस सावध होते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे मात्र घोरत होते. पाहा, किती निर्ढावलेला माणूस!

सकाळी हे बाहेर पडले, जाकीट आणि कानटोपी घालून. दार लागल्याबरोबर मी रजई फेकली. साडीवर स्वेटर चढवला, तोंडाला ओढणी बांधली. आमच्या नागपूरच्या मुली बांधतात तशी, फक्त डोळे उघडे. आणि गाडी काढली.

हो, गाडी! पायी पाठलाग मला झेपणार होता का?

थंडीत गाडी सुरू होईना. बटण दाबलं, काही नाही. किक मारली, काही नाही. पाचव्या-सहाव्या किकला एकदाची फुरफुरली. तोवर हे वळणावरून दिसेनासे झाले होते. मी वळण घेतलं आणि पाहिलं तर धुक्यात, पुढे, निळं जाकीट. पाठीवर पांढरी पट्टी, डोक्यावर कानटोपी. सापडले!

गाडीवरून चालणाऱ्या माणसाचा पाठलाग तुम्ही कधी केलाय? करू नका. गाडी तेवढी हळू चालतच नाही. जरा वेग दिला की अगदी पाठीला टेकायला जाते, ब्रेक लावला की बंद पडते. दोन्ही पाय जमिनीवर घासत घासत मी निघाले. मागे दोन कुत्री लागली. एक दूधवाला शेजारून गेला.

"काहून ताई, पेट्रोल संपलं काय?"

"श्श्श!" मी म्हटलं.

त्या आवाजानं पुढचं जाकीट थबकलं. मागे वळून पाहिलं. कानटोपीत डोळे तेवढे दिसले. मी चटकन मान खाली घालून चाकाकडे पाहिलं. जाकीट पुन्हा निघालं, पण आता भराभर. मीही वेग वाढवला. पुन्हा वळून पाहिलं. आता तर जवळजवळ पळतच सुटलं!

मनात म्हटलं, पाहा! चोरासारखा पळतोय! मन साफ असतं तर थांबून विचारलं नसतं का, बाई, कोण तुम्ही?

दुसऱ्या गल्लीच्या टोकाला एक घर. जाकीट फाटक ढकलून आत शिरलं. दारात एक बाई आली, माझ्याहून थोरली, शाल पांघरलेली, हातात चहाचा कप. तिनं हसून विचारलं, "आज लवकर आले जी?"

आणि आमचे हे म्हणाले, "आत हो! दार लाव, दार लाव पहिले!"

धाडकन दार लागलं.

आता तुम्हीच सांगा, डोळ्यांनी एवढं पाहिल्यावर बाईमाणसानं काय करावं? माझ्या डोळ्यांसमोर लग्न, मुलगी, अख्खा संसार उभा राहिला. कप तयार होता हो! चहासुद्धा तयार! घरी मी कधी त्यांच्यासाठी असा कप घेऊन दारात उभी राहिले होते? तेही आठवलं आणि जास्तच राग आला.

गाडी तशीच फाटकाला टेकवली आणि बेलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

त्याच बाईनं दार उघडलं. "कोण पाहिजे जी?"

"माझा नवरा."

"कोणाचा?"

"माझा! आत्ताच आत घेतला तुम्ही त्याला. निळ्या जाकिटवाला."

काकूंनी हातातला कप खाली ठेवला. हो, पुढे मी त्यांना काकूच म्हणू लागले, म्हणून आत्ताच म्हणते. "थो... तुमचा नवरा होय?"

"मग काय! कधीपासून चालू आहे हे? रोज सकाळी माझ्या घरून निघतो आणि इथे येतो!"

काकू पायरीवर मटकन बसल्या. "अवं माय! मी तं समजे, माझ्या घरून निघून फिरायले जाते. आता समजलं. तुमच्या घरी जाते!"

 इतका वेळ जिच्या झिंज्या उपटायच्या असं ठरवून आले होते, ती बाई माझ्याच नावेत! माझा राग अर्धा विरला आणि उरलेला अर्धा दुप्पट होऊन आतल्या माणसाकडे वळला.

"मुलं किती तुमाले?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

"एक मुलगी. तुम्हाला?"

"दोघं पोरं. नोकरीले लागले. मोठ्याचं लग्न ठरून राहिलं." काकूंनी पदर खोचला. "चाल वं तू आत. आज सोडायचं नाही याले."

आत गेलो तर हॉल रिकामा. न्हाणीघराचं दार आतून बंद. काकूंनी दारावर थाप मारली.

"बाहेर या जी! तुमची दुसरी आली!"

आतून घाबरलेला आवाज आला, "कोणती?"

"कोणती?" काकू किंचाळल्या. "कोणती म्हणजे? किती आहेत?"

"अहो, मी विचारून राहिलो, कोण दुसरी!"

मला आवाज जरा वेगळा वाटला. पण न्हाणीघरात कोणाचाही आवाज घुमतो. म्हणून मीही थाप मारली, "अरविंद, गुपचूप बाहेर या! मी सगळं पाहिलंय!"

"आता हा अरविंद कोण?" आतून आवाज.

"नाव बी बदलून ठेवलं!" काकू मला म्हणाल्या. "इथं हे शंकर आहेत."

आणि दार उघडलं.

बाहेर आला तो साठीकडे झुकलेला माणूस. डोक्यावर एक केस नाही, आणि तिथली सगळी कसर मिशांनी भरून काढलेली. या कानापासून त्या कानापर्यंत मिशा! आमच्या ह्यांना मिशी नाही. कधीच नव्हती.

माझ्या अंगातलं सगळं रक्त चपलांमध्ये उतरलं.

"हे कोण?" मी विचारलं.

"हेच तं!" काकू म्हणाल्या. "आपला नवरा!"

"हे... हे माझे नाहीत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आता संशयाची पाळी त्यांची होती.

"अस्सं! समोरासमोर आले तं आता वळख नाही दाखवत! दोघंबी पक्के आहात!"

"अवं, मी हिले ओळखत नाही!" काका रडकुंडीला आले. "मीच तुले सांगणार होतो. ही बाई गाडीवर माझ्या मागं लागली होती. तोंड बांधून! मले वाटलं, लुटते का काय!"

"तुमच्या मागं?" काकूंनी त्यांना टकलापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "बाई माणूस तुमच्या मागं काहून लागन? काय पाहून?"

काकांच्या मिशा खाली आल्या. बिचाऱ्यांना लुटलं जाण्यापेक्षा तेच जास्त लागलं असावं.

मी हात जोडले. "काकू, शपथेवर सांगते, माझी चूक झाली. माझा नवरा वेगळा आहे. माझं आपलं स्वतःचं वेगळं माणूस आहे हो!"

"मग दाखव!" काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तुहा नवरा आणून दाखव. त्याबिगर दोघंबी इथून हलत नाही."

काय करणार? फोन लावला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?"

"बगीच्यात. काहून?" धापा टाकत होते.

"लगेच या. दुसऱ्या गल्लीत शेवटचं घर. निळं फाटक. मी..." आणि मला रडूच फुटलं. पुढे बोलता येईना. फोन बंद झाला.

त्यांना वाटलं, मला काही झालं. अपघात, झटका, काय काय! आणि त्यांनी तिथेच ओरडून सगळ्यांना सांगितलं असावं. कारण पाचच मिनिटांत गल्लीत धप धप धप असा आवाज यायला लागला. आम्ही अंगणात आलो. आणि धुक्यातून, फाटकातून, एकामागून एक...

निळी जाकिटं! पांढऱ्या पट्ट्या! कानटोप्या! पंधरा-सोळा असतील. अंगण भरलं. सगळे वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकताहेत.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"आमचं फिरायचं मंडळ," काका खालच्या आवाजात म्हणाले. "जाकीट सगळ्यायले सारखंच घेतलं या वर्षी. मी आज पाय दुखते म्हणून लवकर परतलो होतो."

तर हे 'मिळालं' ते! काकूंचा राग बराचसा ओसरला. पण सबंध नाही. त्या माझ्याकडे वळल्या, "बरं. यातला तुहा कोणता?"

आता इज्जतीचा प्रश्न होता. मी डोळे बारीक केले. उंची पाहिली, पाठ पाहिली, पोटाचा घेर पाहिला. तिसरा! अगदी आमचेच. मी ठामपणे पुढे झाले, त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "हे पाहा. हे माझे!"

त्या माणसानं कानटोपी काढली. ते मंडळाचे अध्यक्ष, लांजेवार साहेब.

"बाई," ते दंड सोडवत म्हणाले, "माझी बायको सध्या माहेरी आहे. हे तिच्या कानावर नका घालू."

सगळं अंगण खो-खो हसायला लागलं. काकूसुद्धा! शालीत तोंड लपवून. मग त्या हसण्यातच एकेक उलगडा होत गेला. रोज फिरणं झालं की मंडळाचा फोटो निघतो आणि ग्रुपवर जातो, म्हणून दाढी. जाकिटाच्या आधी सगळे ट्रंकेतले स्वेटर घालत, त्याला डांबरगोळीचा वास, म्हणून अत्तर. आणि नाश्त्याचं काय? "वहिनी, चालल्यावर सगळे कोपऱ्यावर तर्रीपोहे खातो ना!" कोणीतरी सांगून टाकलं. "अरविंदभाऊ तर दोन प्लेटा!" त्याचेही फोटो ग्रुपवर, म्हणून फोन पालथा.

आणि मला "तू झोप" म्हणत होते ते? तेही मागून कळलं. "तू आली असती तं बगीच्यापर्यंत गाडी काढायले लावली असती," असं त्यांचं म्हणणं. पुरावाही हजर होता. फाटकाला गाडी टेकलेलीच होती.

पण हे सगळं नंतरचं. त्या घडीला आमचे हे कुठे होते? ते त्या घोळक्यातच होते. घामानं निथळत, कावरेबावरे होऊन इकडून तिकडे फिरत होते.

"रेखा कुठं आहे? काय झालं तिले? पडली काय? कोणी सांगा ना गा!"

माझ्या शेजारून गेले. ओसरीत डोकावले. पुन्हा माझ्याच शेजारून परत आले. तोवर ओढणी सुटून माझं तोंड चांगलं उघडं पडलं होतं.

"अहो! ही काय मी!"

तेव्हा कुठे थांबले. मला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. तो चेहरा पाहून मला खरंच भरून आलं. या माणसावर मी संशय घेतला!

काकूंनी मात्र मला सोडलं नाही. "काहून वं, स्वतःच्या नवऱ्याची चाल बी नाही ओळखत तू? एवढ्या वर्षांत?"

"चाल?" मी म्हटलं. "चाल मी पाहिली कुठे काकू यांची? बसलेले असते तर अंधारात, पाठीमागून ओळखले असते!"

पुन्हा हशा पिकला. मला वाटलं, चला, शेवटचा शब्द तरी आपला झाला. मी जरा ताठ उभी राहिले.

काकू ह्यांच्याकडे वळल्या. "आणि तुमी जी? बायकोच्या बाजूनं दोनदा गेले. तिचं तोंडबी उघडं होतं. तुमाले कशी नाही दिसली?"

आमच्या ह्यांनी कपाळाचा घाम पुसला. अगदी सरळ मनानं, काकूंना समजावून सांगावं तसं म्हणाले,

"दिसली ना काकू. पण ओळखू कशी? उभी होती ना ती!"